इंग्रजीचा पेपर आणि घरची ओसरी

दिवाळी सरली की नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मान वर करायला सवड नसते. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या, विरळणी आणि डिपिंग यांची रांग लागलेली असते. चांदवड, देवळा, सटाण्याकडे उन्हाळ कांद्याचे रोप लावणीला आलेले असते आणि मजूर मिळता मिळत नाहीत. जानेवारी लागला की काही बागांत मालाला गोडी भरते आणि व्यापारी फेऱ्या मारू लागतात. नेमक्या याच दिवसांत घरातले दहावीचे पोर अभ्यासाला बसलेले असते, किंवा बसायला हवे असते. दहावीची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये सुरू होत असे. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे कांदा लावणीची धांदल आणि अभ्यासाचे शेवटचे दोन महिने आता एकाच दावणीला बांधले गेले आहेत.

दहावीत पोरांना धास्ती असते ती दोन विषयांची, गणिताची आणि इंग्रजीची. गणितात आईबापांना निदान हिशेब तरी कळतो. इंग्रजीचे नाव निघाले की घरातली मोठी माणसे हात झटकतात. “आम्हाला त्यातलं काय कळतंय? तू बघ, तुझे सर बघतील.” वाचक बंधु-भगिनींनो, हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे. ज्या घरात कोणालाच इंग्रजी येत नाही, त्या घरालाही मुलाच्या इंग्रजीसाठी पुष्कळ करता येते.

आधी पेपर कसा असतो ते पाहू, कारण त्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेतली तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. पास व्हायला १०० पैकी ३५. लेखी पेपरला आता कृतिपत्रिका म्हणतात. या ८० गुणांपैकी पाठांतले उतारे २० गुणांचे, कविता १० गुणांची आणि पुस्तकाबाहेरचा उतारा त्याच्या सारांशासह १५ गुणांचा. बेरीज केली तर ४५ होते. या ४५ गुणांचा उतारा किंवा कविता पेपरातच छापलेली असते! मुलाने ती वाचायची आणि तिच्यातूनच बरेचसे उत्तर शोधायचे. उरलेल्या गुणांत थोडे व्याकरण, पत्र, संवाद किंवा भाषण, दिलेल्या माहितीची मांडणी, बातमी किंवा गोष्ट पुरी करणे आणि शेवटी ५ गुणांचे मराठीत भाषांतर. (आराखड्यात अधूनमधून बदल होतात. यंदाचा आराखडा शाळेत विचारून एकदा पक्का करून घ्यावा.)

आता सांगा, या पेपराला घोकंपट्टी कितीशी उपयोगी पडणार? गाईडमधली पन्नास उत्तरे पाठ केलेल्या पोराला जर समोरचा उतारा वाचून त्यात काय म्हटले आहे तेच उमगत नसेल, तर ती पन्नास उत्तरे बैल विकल्यावर घरात उरलेल्या घुंगुरमाळेसारखी. कॉपीचेही तेच. जवळ लपवलेल्या चिठ्ठीत नवा उतारा कुठून असणार? ज्याला वाचता येते त्याच्यासाठी हा पेपर सोपा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला तो डोंगराएवढा वाटतो. वाचता येणे म्हणजे अक्षरे उच्चारणे नव्हे. वाचले ते कळणे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून होते. म्हणजे आजचे दहावीचे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले आहे. दहा वर्षांत द्राक्षाची वेल दोनचार एकरांचे कर्ज फेडून देते, आणि आपल्या पोराला “माझे वडील शेती करतात” एवढे वाक्य धड लिहिता येत नाही, असे का व्हावे? मला याचे एकच कारण दिसते. त्या दहा वर्षांत पोराने फळ्यावरचे वहीत उतरवले, वहीतले पेपरात उतरवले, पण इंग्रजीतले कळलेले कोणाला सांगितले नाही. सांगायला ऐकणारे माणूस लागते, आणि ते शाळेत साठ मुलांमागे एक असते. घरी मात्र ते ओसरीवर तंबाखू मळत बसलेले असते.

संध्याकाळची वीस मिनिटे

रोज वीस मिनिटे मुलाला आपल्यासमोर बसवून इंग्रजी पुस्तकातला अर्धा-एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. वेळ संध्याकाळी चुलीशी, गोठ्यात धार काढताना किंवा जेवणानंतर, सोयीने ठरवा. वाचून झाले की एकच प्रश्न विचारा: “काय लिहिलंय त्यात?” मुलाने ते आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत सांगायचे. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसले तर उलट बरेच. ज्याला येत नाही त्याला समजावून सांगताना मुलाला चलाखी करता येत नाही. मुलगा भराभर वाचून “काही नाही, एका मुलीची गोष्ट आहे” असे म्हणाला, तर आजीने विचारावे, “कोणती मुलगी? कुठली? तिला झालं काय?” की पोराला परत पानाकडे वळावेच लागते. पेपरातल्या उताऱ्याखालचे प्रश्न बहुतेक असेच असतात. कोण, कुठे, का, मग काय झाले. आजीला ते प्रश्न तयार करायला बी. एड. व्हावे लागत नाही.

वाचताना मूल अडखळते कुठे याकडे कान ठेवा. दोनदा अडखळले की त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्यातले पाच शब्द शाळेत विचारून यायचे, पाचच. वीस शब्दांची यादी केली की एकही लक्षात राहत नाही. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत रोज पाच धरले, सुट्या आणि लग्नकार्ये वजा केली, तरी चारशे शब्द होतात. एवढ्या भांडवलावर उतारा अंगावर येत नाही.

पुस्तक फाटले-हरवले असेल तर मोबाइलवर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तक फुकट उतरवून घेता येते. मात्र मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण उठून गेलात तर वीस मिनिटांचा हिशेब लागणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सारांशलेखनाचे ५ गुणही याच बैठकीतून मिळतात. मूल अर्धे पान वाचून आपल्याला मराठीत चार वाक्यांत सांगते, तो सारांशच झाला की! मग म्हणायचे, “आता हीच चार वाक्यं इंग्रजीत कर आणि लिही.” चुकतील. चुकू द्या. वहीतल्या चुका शिक्षकांना दाखवायच्या असतात, त्यासाठीच ते असतात. कोऱ्या वहीवर शिक्षकाला काही शिकवता येत नाही.

वाक्य उलटते ते कसे

आपल्या मुलांच्या इंग्रजीत होणाऱ्या चुका बहुतेक मराठीतून जातात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते: “आई भाकरी भाजते.” इंग्रजीत ते मध्ये येते: आधी आई, मग भाजते, मग भाकरी. मुलाला हे नियम म्हणून दहा वेळा सांगितलेले असते, पण हाताला वळण नसते. कागदाचे तीन तुकडे करा. एकावर कोण, दुसऱ्यावर काय करतो, तिसऱ्यावर कशाला. मराठी वाक्य मांडायचे आणि मधला-शेवटचा तुकडा अदलाबदल करून तेच इंग्रजीत म्हणायचे. “बाबा बैल बांधतात.” “ताई पाणी भरते.” “आम्ही कांदे लावतो.” घरातली आणि शिवारातली पन्नास वाक्ये अशी उलटवली की हात आपोआप वळतो. धाकटी भावंडेही या खेळात येऊन बसतात आणि त्यांचाही फायदा होतो.

दुसरी चूक त्या इवल्याशा ‘एस’ची. मी करतो आणि तो करतो, दोन्हीकडे मराठीत ‘करतो’च. इंग्रजीत ‘आय वर्क’ पण ‘ही वर्क्स’. तो, ती, किंवा एकच माणूस-जनावर-वस्तू असली की रोजच्या गोष्टीच्या क्रियापदाला शेपूट लागते. आणि ‘डज’ आला की शेपूट त्याच्याकडे जाते, क्रियापद मोकळे होते: ‘ही डज नॉट वर्क’. व्याकरणाच्या प्रश्नात आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीत याच शेपटावरून गुण कापले जातात. तिसरी चूक ‘इज’, ‘आर’ गाळण्याची. मराठीत “हा माझा भाऊ” म्हटले तरी वाक्य पुरे होते. इंग्रजीत ‘धिस माय ब्रदर’ हे लंगडे राहते, मध्ये ‘इज’ हवाच. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीतच, त्यामुळे ती सुटणारच. त्यावर फार जीव काढू नये. वाचनाने ती हळूहळू येतात.

आता बोलीविषयी थोडे. मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा, नांदगाव या भागांत घरोघरी अहिराणी बोलतात. सुरगाणा, पेठकडे कोकणा लोकांची बोली आहे, त्र्यंबक-इगतपुरीकडे ठाकर, महादेव कोळी मंडळींचे बोलणे निराळे. या घरांतल्या मुलाला पुस्तकातली मराठी हीच शिकावी लागणारी भाषा असते आणि तिच्यावर इंग्रजीचा दुसरा बोजा पडतो. वर्गात त्याने घरचा शब्द उच्चारला की हसे होते, म्हणून ते तोंडच उघडत नाही. न बोलणारे मूल इंग्रजीत तर मुळीच बोलत नाही. आईबापांनी घरात तरी “नीट बोल, शुद्ध बोल” म्हणून त्याला गप्प करू नये. वाचलेले अहिराणीत सांगितले तरी कळले ते कळलेच.

उलट एक गंमत पाहा. अहिराणीत दोघे वाटेत भेटले की विचारतात, “कथा जाई ऱ्हायना?” हे ‘जाई ऱ्हायना’ म्हणजे आत्ता, या घडीला जाण्याची क्रिया चालू आहे. इंग्रजीतला ‘गोइंग’चा काळ नेमका हाच. खानदेशी पोराला तो काळ जन्मापासून येतो आहे, फक्त कोणी त्याला तसे सांगितलेले नसते. सांगून पाहा, चेहरा खुलतो.

मात्र पेपरातले भाषांतर प्रमाण मराठीत लिहायचे असते, याची आठवण अशा मुलांना द्यावी. बोली तोंडी ठेवायची आणि कागदावर पुस्तकी मराठी, हे दोन्ही जमते. आश्रमशाळेत राहणारी मुले दिवाळीला आणि मे महिन्यात घरी येतात. त्यांच्या हाती तेव्हा इंग्रजीचे पुस्तक असेल असे पाहावे आणि परत पोचवायला जाल तेव्हा शिक्षकांना विचारावे, “आमचं पोरगं वर्गात बोलतं का?” किती गुण पडले हे विचारण्याआधी हा प्रश्न.

भाषांतराच्या ५ गुणांत काही इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ, दोन वाक्ये आणि एखादी म्हण असते. म्हणीचे काम आजी-आजोबांकडे सोपवा. मुलाने इंग्रजी म्हणीचा शब्दशः अर्थ सांगायचा आणि आजीने आपल्याकडची म्हण शोधायची. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ला ‘चकाकते ते सारे सोने नसते’ हे शाळेतही सांगतात. पण ‘नाचता येईना अंगण वाकडे’ला जोडीदार कोणता, यावर आजी-नातवाची तासभर जुंपली तर तो तास फुकट गेला असे समजू नये.

आणखी एक पुस्तक आपल्या घरात पडलेले असते, ते म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर आलेला घडीचा कागद. त्यावर बहुधा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असतो. किती लिटर पाण्यात किती औषध घालायचे, फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, विषबाधा झाली तर काय करायचे, सारे दोन्ही भाषांत. मराठी भाग हाताने झाकून मुलाला इंग्रजी वाचून सांगायला लावा आणि मग ताडून पाहा. (कागदच हाताळायला द्या, बाटली नव्हे.) युरियाच्या गोणीवर ४५ किलो आणि ४६ टक्के नत्र हे इंग्रजीत छापलेले असते, तेही वाचून घ्यावे. द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या बागायतदाराला तर कागदपत्रे इंग्रजीच हाताळावी लागतात. पोराला एकदा पॅकहाऊसमधली खोक्यावरची चिठ्ठी वाचायला सांगा. इंग्रजी हे केवळ साहेबाचे बोलणे नसून आपल्या मालाच्या खोक्यावरचे लिखाण आहे हे त्याला तेव्हा पटते.

पत्रलेखनही घरातूनच आणावे. पुस्तकात सहलीचे, वाढदिवसाचे पत्र असते आणि मुलाजवळ त्याविषयी सांगण्यासारखे काही नसते. त्याऐवजी डी. पी. जळून आठ दिवस झाले, कांद्याचे रोप सुकते आहे, म्हणून वीज कंपनीच्या अभियंत्याला पत्र लिहायला सांगा. आबांनी मराठीत मुद्दे सांगायचे. डी. पी. कधी जळाली, किती शेतकऱ्यांचे पंप बंद आहेत, आपले म्हणणे काय. नातवाने ते इंग्रजीत मांडायचे. पत्ता, तारीख, विषय, मायना ही चौकट शाळेत शिकवतातच; आत भरायला मजकूर नसतो, तो आपल्याकडे भरपूर आहे.

तोंडी परीक्षेकडे बरीच घरे दुर्लक्ष करतात. २०१८-१९ साली दहावीच्या भाषा विषयांचे हे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि लेखी पेपर १०० गुणांचा केला होता. मार्च २०१९ मध्ये राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, पण तोंडी गुण गेल्याचा फटका बसला अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. हे २० गुण घरच्या तयारीने हाती लागणारे आहेत. मुलाने स्वतःविषयी, गावाविषयी, शेतीविषयी सात-आठ वाक्ये न अडखळता बोलावीत, एवढे तरी रोज म्हणवून घ्यावे. तोंडी परीक्षेच्या दिवशी मूल खुडणीला अडकले आणि शाळेत गेले नाही, असे होऊ देऊ नका.

कामाचा प्रश्न उरतोच. शेतकऱ्याच्या पोराने कामाला हातच लावू नये असे म्हणणारा मी नाही. ते व्हायचेही नाही. पण रात्रपाळीची लाईट आली म्हणून बारावाजता पाणी धरायला गेलेले पोर सकाळी वर्गात पेंगते, हे आपण पाहतो. डिसेंबरपासून परीक्षा होईपर्यंत रात्रीच्या पाण्यातून त्याला मोकळे करा. त्या बदल्यात रविवारी सकाळी चार तास काम घ्या. रोप लावायला मजूर मिळत नाहीत म्हणून आठवडाभर शाळा बुडवून घेण्यापेक्षा शेजाऱ्याशी सावड करा. मुलगी असेल तर तिची कामे कोणी मोजतच नाही. पाणी, भांडी, धाकट्याला सांभाळणे हे सगळे करून रात्री दहाला ती पुस्तक उघडते. भावाला सकाळचे दोन तास मिळत असतील तर तेवढेच तिलाही मिळायला हवेत. त्या दोन तासांत चुलीजवळचे काम दुसऱ्या कोणी उचलावे, वडिलांनी उचलले तरी चालेल.

परीक्षेच्या आधी निदान पाच जुन्या कृतिपत्रिका घड्याळ लावून तीन तासांत सोडवून घ्याव्या. शाळेत मिळतात, वरच्या वर्गातल्या मुलांकडेही असतात. पहिल्या वेळी निम्माच पेपर होतो. पाचव्या वेळी वेळ पुरतो. प्रत्यक्ष पेपरात उत्तर येत नाही म्हणून जागा कोरी सोडू नये. उताऱ्यातली संबंधित ओळ शोधून लिहिली तरी काही ना काही पदरात पडते. परीक्षाकेंद्र दुसऱ्या गावी असेल तर आदल्या दिवशी एस. टी.ची वेळ पाहून ठेवावी.

एवढे करूनही इंग्रजीत राहिले तर? इंग्रजीत तीन-चार गुणांनी राहिलेली मुलगी घरी बसते आणि त्याच उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते, हे आपल्याकडे किती वेळा घडले आहे! त्या घरांना मला सांगायचे आहे की नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते. वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तर ए. टी. के. टी.च्या सवलतीने अकरावीला प्रवेशही मिळू शकतो. ज्यांची शाळा मध्येच सुटली आहे, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. पुरवणी परीक्षेचा अर्ज ज्या शाळेतून परीक्षा दिली तिथेच भरायचा असतो आणि निकालानंतर त्याची मुदत थोडीच असते. म्हणून गुणपत्रिका आणायला जाल त्याच दिवशी मुलीला बरोबर घेऊन जा आणि अर्जाची शेवटची तारीख कार्यालयात विचारून कागदावर लिहून आणा.